भारत-नेपाळ संबंध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेपाळ ब्रिटिशांची वसाहत होता आणि भारताबरोबरच स्वतंत्र झाला, असे अनेकांना वाटते. इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर सुगौलीच्या तहाने नेपाळने कुमाऊँ-गढवालसह बराच मुलूख गमावला आणि काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट आला, हे खरे. राज्यकारभार मात्र नेपाळचाच राहिला. 1923 च्या करारात ब्रिटनने त्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत मान्य केले. भारताशी औपचारिक राजनैतिक संबंधही जून 1947 मध्येच, म्हणजे 15 ऑगस्टच्या आधी, जुळले.

खुली सीमा 1950 च्या मैत्री कराराने निर्माण झाली, हाही असाच एक समज. सुमारे 1,750 किलोमीटरच्या या सीमेवरची ये-जा आणि तराईतला रोटीबेटी व्यवहार त्याहून कितीतरी जुना आहे. कराराच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांत समान सवलती देऊ केल्या. सोबतच्या पत्रव्यवहारात मात्र नेपाळी नागरिकांना अनिर्बंध स्पर्धेपासून काही काळ संरक्षण लागेल, हे भारताने मान्य केले होते. त्यामुळे भारतीयाला नेपाळमध्ये जमीन घेता येत नाही, यात करारभंग शोधणे फारसे बरोबर नाही. नेपाळची नाराजी वेगळीच आहे. त्यांच्या बाजूने सही केली ती राणा पंतप्रधान मोहन शमशेर यांनी. भारताच्या बाजूने मात्र फक्त राजदूताने. वर्षभरात राणाशाहीच गेली. एक वर्षाची सूचना देऊन करार रद्द करण्याची सोय दहाव्या कलमात आहे. ती आजवर कोणीच वापरलेली नाही.

व्हिसा लागत नाही म्हणून कोणतेही ओळखपत्र चालते, असेही नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे.

सर्वांत चिवट समज असा, की पशुपतिनाथ, जनकपूर, लुंबिनी अशी नाती असलेल्या देशांत गंभीर तंटा होत नाही आणि अलीकडचा दुरावा नेपाळ हिंदू राष्ट्र न राहिल्यामुळे आला. पण मार्च 1989 मध्ये व्यापार व संक्रमण करारांची मुदत संपली आणि भारताने दोन सोडून बाकीची संक्रमण-नाकी बंद केली, तेव्हा नेपाळ हिंदू राजेशाहीच होता. चीनकडून झालेली शस्त्रखरेदी हे त्यामागचे एक कारण. 2015 मध्ये नेपाळच्या नव्या संविधानावरून तराईतल्या मधेसी लोकांचे आंदोलन पेटले आणि सीमेवरची मालवाहतूक पुन्हा रखडली. नेपाळने याला भारताची नाकेबंदी म्हटले, भारताने ते नाकारले. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी संक्रमण करार केला. तरी चिनी बंदरे फार दूर पडत असल्याने त्याचा समुद्री व्यापार आजही मुख्यतः कोलकात्यामार्गेच चालतो.