ऐकीव वादळ आणि मोजलेलें वादळ

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या शेजारीं पाली हें कोळ्यांचें गांव आहे. या किनाऱ्यावर डोल जाळें भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून समुद्रांत रोवतात आणि पाण्याबरोबर वाहत आलेला बोंबील त्यांत शिरतो. त्यामुळें उद्यां भरती केव्हां येणार आणि वारा कसा राहणार, हे दोन प्रश्न तेथें रोजचे आहेत. दोहोंचीं उत्तरें सरकारी खात्यांकडूनच मिळतात. पण त्यांची योग्यता एक नव्हे. भरतीचें कोष्टक हें सूर्य-चंद्रांच्या गती आणि बंदरांतील जुनीं मोजमापें यांवरून केलेलें गणित आहे, व तें वर्षभर आधीं तयार होतें. वाऱ्याचें भाकीत मात्र कांहीं दिवसांपलीकडे गेलें कीं डळमळूं लागतें. तेव्हां सांगणारा कोण एवढें विचारून भागत नाहीं. त्याला तें कळलें कसें, हेंही विचारावें लागतें.

हा दुसरा प्रश्न पुष्कळ काळ न विचारला गेल्याचें एक ठळक उदाहरण मुंबईचेंच आहे. ६ जून १८८२ रोजीं मुंबईवर भयंकर चक्रीवादळ आलें आणि एक लाख माणसें मेलीं, असें वादळांच्या अनेक याद्यांत व पुस्तकांत छापलेलें आढळतें. तारीख नेमकी, आंकडा मोठा. वाचणाऱ्यास शंका येण्याचें कारण नाहीं. परंतु १८८१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठ माणसांत जवळजवळ एक माणूस एका दिवसांत नाहींसा झाला, असें मानावें लागेल. शहरांत दैनिकें निघत होतीं. पुण्यास 'केसरी' आदल्याच वर्षीं सुरू झाला होता. कुलाब्याच्या वेधशाळेंत वाऱ्याची आणि हवेच्या दाबाची नोंद कित्येक वर्षें नियमानें चालू होती. चक्रीवादळ जवळ आलें कीं दाबमापकांतील पारा झपाट्यानें उतरतो. वर्तमानपत्रकार एक वेळ विसरेल, पारा विसरणार नाहीं. कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत या कथेचा शोध घेतला, आणि असें वादळ झालेंच नव्हतें, असा निष्कर्ष काढला. दहा ग्रंथकारांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें, तर साक्षीदार दहा होत नाहींत. पहिल्याचीच साक्ष दहा वेळां ऐकूं येते.

यावरून मुंबईस वादळ येतच नाहीं, असें ठरविणें ही तितकीच मोठी चूक होईल. नोव्हेंबर १९४८ मध्यें तें खरोखर आलें होतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेस धडकलें आणि मुंबई बव्हंशीं वांचली. आपल्या दारीं संकट आलें नाहीं, म्हणून इशारा खोटा होता, अशी समजूत अशा वेळीं सहज होते. रायगडांतील पडलेल्या सुपारीच्या बागा पाहिलेल्यास ती होणार नाहीं.

जुन्या कोळ्याचा आभाळाचा आणि लाटांचा अनुभव हाही शास्त्रीय निरीक्षणाचाच एक प्रकार आहे, व तो तुच्छ लेखण्याजोगा नाहीं. त्याची मर्यादा क्षितिजाची. लक्षद्वीपाजवळ तयार होणारें वादळ पालीच्या किनाऱ्यावरून दिसत नाहीं. तें उपग्रहाला दिसतें. उलट फोनवरून फिरणाऱ्या "उद्यां महाभयंकर वादळ" या संदेशाला बहुधा निरीक्षणही नसतें आणि क्षितिजही नसतें. हवामान खात्याच्या वादळविषयक पत्रकांत निरीक्षणाची वेळ असते, वादळाचे अक्षांश-रेखांश असतात, किनाऱ्यापासूनचें अंतर असतें. आणि वादळ चालूं असतांना दर तीन तासांनीं नवें पत्रक निघतें. पहाटेच्या पत्रकांतील मार्ग चुकला असेल, तर दुपारचें पत्रक तो दुरुस्त करतें. फिरत्या संदेशावर तारीखच नसल्यामुळें तो पुढच्या वर्षींही पुन्हा येऊं शकतो, आणि पुष्कळदां येतोही.