कार्पेटसाहेबाचे गुडघे

वर्गात शिकारकथेचा विषय निघाला की मी मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो. जिम कॉर्बेटने ठाकच्या नरभक्षक वाघिणीला मारले, तेव्हा त्याचे वय काय असेल? कोणी पंचवीस म्हणते, कोणी तीस. एखादा फारच धीट विद्यार्थी चाळिशीपर्यंत जातो आणि आपण साहेबावर अन्याय तर केला नाही ना, अशा नजरेने शेजाऱ्याकडे पाहतो. उत्तर आहे त्रेसष्ट. कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला, आणि ठाकची वाघीण पडली ती ३० नोव्हेंबर १९३८ च्या संध्याकाळी. ज्या वयात आपल्याकडचा पेन्शनर सकाळी कानटोपी घालून बागेच्या बाकापर्यंत जातो आणि ‘आज थोडे जास्तच चालणे झाले’ म्हणून सुनेकडे चहा मागतो, त्या वयात हा गृहस्थ कुमाऊँच्या कड्याकपारीत एका जखमी, उलट्या काळजाच्या जनावराचा माग काढीत एकटा हिंडत होता.

हा हिशेब मला पूर्वी कधी सुचला नव्हता. कॉर्बेटची पुस्तके मी शाळेत असल्यापासून वाचतो आहे. पण तेव्हा लक्ष सारे वाघाकडे. शिकाऱ्याच्या वयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या उजव्या गुडघ्याने. शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, आणि ते फार चांगले झाले. माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला राहिले ते गड-किल्ले. गेली वीस-बावीस वर्षे सुटी मिळाली की पाठीला पिशवी लावून मी सह्याद्रीत जातो. दोन वर्षांपूर्वी तोरण्याचा बिनी दरवाजा मागे टाकून वेल्ह्याकडे उतरताना उजवा गुडघा बोलू लागला, आणि खाली पोहोचेपर्यंत त्याने चक्क व्याख्यान दिले. घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि एवढेच म्हटले, “अहो, शिवाजीमहाराजांचे किल्ले आहेत ते, कुठे पळून जात नाहीत. पण तुमचा गुडघा जाईल.”

आमचे डॉक्टर अस्थितज्ज्ञ असूनही विनोदी आहेत. ते म्हणाले, “प्रोफेसर, चढ तुमच्या छातीची परीक्षा घेतो, उतार गुडघ्याची.” मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार मांडीचा पुढचा स्नायू तोलून धरतो. तो आपला ब्रेक. हा ब्रेक ताणलेला असताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि तो दाब शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. दोन हाडांच्या मधे जी गुळगुळीत कुर्चा असते तिला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या वंगणातूनच तिला अन्न मिळते, आणि ते वंगण आत-बाहेर खेळते हालचालीने. म्हणजे सांधा फार झिजवला तर कुर्चा जाते, आणि अजिबात हलवला नाही तर ती उपाशी राहते! वय वाढते तसा मांडीचा स्नायू रोडावतो, ब्रेक ढिला पडतो, आणि सारा मार कुर्चेवर येतो. उपाय काय, तर मांडी मजबूत करा, हातात काठी घ्या, पाठीवरचे ओझे कमी करा आणि पोटावरचे त्याहून कमी करा. अंगातले एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचे सुमारे चार किलो उतरतात, हे त्यांनी माझ्या पोटाकडे पाहतच सांगितले.

“म्हणजे डोंगर बंद करायचे का?” मी विचारले.

“बंद कशाला? पंचविशीतल्यासारखे चढणे बंद करा.”

पंचविशीतल्यासारखे नाही, तर मग कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पुन्हा कॉर्बेटकडे वळलो. आणि या खेपेला वाघ सोडून माणसाकडे पाहिले.

त्याचे शरीर मुळातले कष्टाळू होते, हे आधी मान्य केले पाहिजे. ऐन तारुण्यात त्याने गंगेकाठी मोकामाघाटला रेल्वेचा माल एका रुळांवरच्या डब्यांतून दुसऱ्या रुळांवरच्या डब्यांत चढवण्याचा ठेका घेतला, आणि सुरुवातीला मजुरांच्या बरोबरीने स्वतः कोळसा उपसला. ही नोकरी एकवीस वर्षे चालली. तेथूनच रजा काढून १९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी होते. तेव्हा तो बत्तिशीच्या आसपास होता, आणि ती शिकार वाचताना पावलोपावली जाणवते की ही पायांची शिकार आहे. धावणे, चढणे, दरीत उतरणे, गावकऱ्यांचा हाका घालून पुन्हा धावणे.

आता एकोणीस वर्षे पुढे येऊ. रुद्रप्रयागचा बिबट्या. १९१८ पासून बदरी-केदारच्या यात्रामार्गावर दहशत बसवणाऱ्या या जनावराने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली. कॉर्बेट पन्नाशीला आलेला. या खेपेची शिकार बहुतेक बसून केलेली आहे! अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या बुरुजावर तो वीस रात्री बसला. वर ना छप्पर ना कठडा. शिडी लावून चढायचे आणि रात्रभर बोचऱ्या वाऱ्यात, न हलता, पूल ओलांडणाऱ्याची वाट पाहायची. वीस रात्रींत पुलावरून गेले ते एकच जनावर, आणि ते निघाले कोल्हा. शेवटी गुलाबराय येथील एका आंब्याच्या झाडावर दहा रात्री फुकट गेल्यावर अकराव्या रात्री, २ मे १९२६ रोजी, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि एका गोळीत आठ वर्षांचे प्रकरण संपले.

ज्याचा गुडघा दुखतो त्यालाच या बसण्याची किंमत कळेल. चालणाऱ्या सांध्याला निदान वंगण मिळते. फांदीवर आठ-दहा तास एकाच घडीत बसलेला माणूस पहाटे खाली उतरतो तेव्हा त्याचे पाय त्याचे राहिलेले नसतात. आपल्याकडे अडीच तासांच्या नाटकाला बसलेली मंडळी मध्यंतरात कशी उठतात, ते आठवून पाहावे.

शरीराने दगा देण्याचा आणखी एक प्रसंग १९२९ चा. त्या वर्षी एका शिकारीत कोणीतरी त्याच्या डाव्या कानाशी जड रायफल झाडली. कानाचा पडदा फाटला, आत गळू झाले, चेहरा सुजून एक डोळा मिटला. अशा अवस्थेत हा तल्लादेशच्या नरभक्षक वाघिणीमागे डोंगरात गेला. कान गेला म्हणजे जंगलात निम्मा शिकारी गेला. कारण सांबराची हाक, माकडाचा खोकला, रानकोंबड्याचे अचानक गप्प होणे, या वर्तमानपत्रावरच त्याचा सारा भरवसा. रात्री झाडावर असताना ते गळू आपोआप फुटले आणि तो वाचला. ‘त्याने हे केले म्हणून तुम्हीही करा’ असे मी चुकूनही म्हणणार नाही. आमच्या डॉक्टरांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ विनोदसुद्धा विसरले होते.

पण कॉर्बेट वाचताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. शिकारी जसा उताराला लागलेला, तसे समोरचे जनावरही बहुधा उताराला लागलेलेच असे. धडधाकट वाघ माणसाच्या वाटेला जात नाही, हे कॉर्बेटने आयुष्यभर कंठरवाने सांगितले. दहातले नऊ नरभक्षक जखमेमुळे आणि दहावा म्हातारपणामुळे, असा त्याचा अंदाज होता. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झटापट करून एक डोळा गमावला, आणि तिच्या पुढच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले. एक इंचापासून नऊ इंचांपर्यंत लांब! त्या पायाने सांबर कसे पाडणार? वाघाची शिकार म्हणजे दबा, दोन-चार झेपा आणि खांद्यांचा एक हिसडा. सांध्यात काटा मोडला की झेप चुकते, हिसडा बसत नाही. मग गवत कापणारी बाई हाताशी लागते. तिला ना शिंगे, ना खूर, ना पळण्याचा वेग. रुद्रप्रयागचा बिबट्यासुद्धा, मारल्यावर पाहिले तर, झिजल्या दातांचा, मोडक्या सुळ्याचा म्हातारा नर निघाला.

चौगढच्या वाघिणीची गोष्ट तर एखाद्या कौटुंबिक कादंबरीत शोभावी अशी. ती म्हातारी होती. नखे तुटलेली, एक सुळा मोडका, पुढचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. पण तिच्याबरोबर तिचे वाढलेले पिल्लू असे, आणि दोघे मिळून शिकार करीत. कॉर्बेटने पहिल्या खेपेला मारले ते नेमके पिल्लूच. त्यानंतर म्हातारीला हल्ला करता येई, पण एका झटक्यात जीव घेता येईना. तिच्या तावडीतून काही माणसे जखमी होऊन निसटली, याचे कारण कॉर्बेटने हेच दिले आहे. हाताशी असलेले तरणे बळ गेले आणि म्हातारपण उघडे पडले. चौसष्ट बळींची ती नरभक्षक खरी, पण तो भाग वाचताना तिच्याबद्दलही पोटात कालवते, हे लपवून काय उपयोग?

तिची शेवटची भेट ११ एप्रिल १९३० ची. कॉर्बेटच्या डाव्या हातात वाटेत सापडलेली पक्ष्याची दोन अंडी, उजव्या हातात हलकी रायफल. एका मोठ्या खडकाला वळसा घालून त्याने मागे पाहिले, तर आठ फुटांवर वाघीण, झेप घ्यायच्या तयारीत! तरुण शिकाऱ्याने गर्रकन वळून बंदूक खांद्याला लावली असती आणि तेथेच त्याचा कारभार आटोपला असता. चोपन्न वर्षांच्या कॉर्बेटने अंडी तशीच ठेवली आणि एका हाताने, इंचाइंचाने, रायफल अंगासमोरून वळवीत आणली. वाघिणीची नजर त्याच्या डोळ्यांवर खिळलेली होती. बंदुकीची सरकती नळी तिला हालचाल वाटलीच नाही. आणि ती अंडी त्याने नंतर पुन्हा घरट्यात नेऊन ठेवली.

मला वाटते, डॉक्टरांना जे म्हणायचे होते ते येथे आहे. पायांचे काम त्याने हळूहळू डोळ्यांवर, कानांवर आणि संथपणावर सोपवले. वाघाला ही सोय नाही. त्याचे पाय थकले की त्याच्यापुढे भूक उरते, आणि मग आपण.

आता ठाक. नेपाळच्या सीमेवर लधिया नदी शारदेला मिळते तिथला हा डोंगराळ मुलूख. चुक्याहून ठाकची चढण उभी, आणि वाघिणीच्या भीतीने ठाक गाव ओस पडलेले. दिवसेंदिवस माग काढूनही ती हाती लागली नाही, आणि परतायची वेळ आली. शेवटच्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला होता. चार माणसे आणि दोन बकऱ्या घेऊन तो उतरणीला लागला असता वाघिणीची साद ऐकू आली. ती जोडीदार शोधत होती. कॉर्बेटने वाघाचा आवाज काढून उत्तर दिले. त्रेसष्ट वर्षांच्या त्या गळ्याने दिलेली हाक वाघिणीला खऱ्या वाघाची वाटली! पाठलाग नाही, धावाधाव नाही. जिच्यामागे आठवडे वणवण केली ती आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत येऊ लागली.

वेळ मात्र थोडा होता. एका खडकाच्या आडोशाने चार माणसे बकऱ्यांसह दबून बसली. कॉर्बेट अरुंद कपारीवर कसाबसा पाय रोवून खडकावर रायफल टेकून उभा. उजेड क्षणाक्षणाला विटत चाललेला. वाघीण अगदी जवळ येऊन गरजली, आणि समोरच्या उंचवट्यावर तिचे डोके दिसले. दोन बार झाले. दुसऱ्या बाराचा दणका असा बसला की कॉर्बेट कपारीवरून सुटून थेट खालच्या माणसांवर आणि बकऱ्यांवर जाऊन आदळला. वाघीण होती तेथेच मरून पडली होती. पुढे तिच्या अंगातही बंदुकीच्या जुन्या जखमा सापडल्या. त्यांतली एक चिघळलेली. नरभक्षकाची ही त्याची अखेरची शिकार.

बंदुकीऐवजी चित्रे घेणारा कॅमेरा त्याने आधीपासूनच जवळ केला होता. ओढ्याला छोटे बांध घालून पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज लपवायचा आणि वाघांना निवांत टिपायचे, असा त्याचा जंगलातला स्टुडिओ होता. महायुद्धात गोचिडीच्या तापाने तो पार खंगला. तरी १९४४ मध्ये, एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर, ब्रह्मदेशात जाणाऱ्या सैनिकांना रानात कसे वावरावे हे तो शिकवीत होता. १९४७ मध्ये कुमाऊँच्या लोकांचा कार्पेटसाहेब बहिणीसह केनियात न्येरीला गेला. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्याला मृत्यू आला.

त्याआधीची एक रात्र सांगायची राहिली. ५ फेब्रुवारी १९५२. न्येरीजवळ एका प्रचंड झाडावर बांधलेल्या ट्रीटॉप्स या घरात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ वन्य प्राणी पाहायला उतरली होती. कॉर्बेट सोबतीला. पाहुणे निजल्यावर त्याने कांबळे पांघरले आणि जमिनीपासून तीस फूट उंच गेलेल्या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर तो उरलेली रात्र बसून राहिला. खाली पाणवठ्यावर गेंडे येऊन गेले. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात राजा सहावा जॉर्ज वारला आणि आत झोपलेली राजकन्या राणी झाली. पायरीवर बसलेल्या राखणदाराला तेव्हा सत्त्याहत्तरावे वर्ष चालू होते.