नभोवाणीवरील वाद्यवृंद

संगीत ही कानांची कला आहे असे आपण म्हणतो; तथापि मैफलीत बसलेला श्रोता पुष्कळसे संगीत डोळ्यांनीच ऐकत असतो. वादकाची बोटे, तबलजीची मान, गवयाचा उंचावलेला हात यांवरून पुढे काय येणार, याची त्यास चाहूल लागते. नभोवाणीने हा आधार काढून घेतला. त्यातही एकाच वेळी अनेक वाद्ये वाजत असली, म्हणजे केवळ कानाने ती ओळखणे ही श्रोत्याची मोठीच परीक्षा होय.

१९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री दिल्लीहून निघणारा हा कार्यक्रम देशातील इतर केंद्रे सहक्षेपित करीत. त्याच वर्षी दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. हिंदुस्थानी पद्धतीसाठी पंडित रविशंकर व कर्नाटक पद्धतीसाठी टी. के. जयराम अय्यर असे त्याचे दोन संचालक होते. पुढे १९५६ पासून बासरीवादक पन्नालाल घोष यांनी ही धुरा वाहिली. लंडनमध्ये १८९५ पासून उन्हाळ्यात भरणाऱ्या 'प्रॉम्स' या वाद्यवृंद-मैफली बी.बी.सी. १९२७ पासून घरोघरी पोहोचवीत होती. आपल्याकडेही वाद्यवृंद असा घरात आला.

आमच्या सीमाभागास या बाबतीत स्थानमाहात्म्य लाभले. धारवाड केंद्र १९५० साली, पुणे केंद्र १९५३ साली व सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. बेळगावास धारवाड जवळ, तर निपाणीस सांगली. निवेदन कन्नडमध्ये असो वा मराठीत, सतारीच्या सुरास दुभाष्या लागत नसे. शिवाय बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर व हुबळीच्या गंगूबाई हनगल हे कन्नड मुलुखातले कलावंत हिंदुस्थानी संगीताचे आधारस्तंभ ठरले. तेव्हा दोन पद्धतींचा एक वाद्यवृंद ही कल्पना इथल्या श्रोत्यांस मुळीच परकी नव्हती.

मे महिन्यातील श्रवणात मात्र एक विघ्न ठरलेले असे. वळवाचे ढग जमले की नभोवाणी-यंत्रातून कडकड, खरखर ऐकू येई. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. वीज चमकते तेव्हा तिच्यातून रेडिओलहरीही निघतात व यंत्र त्या गाण्याबरोबर पकडते. या लहरींचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर, तर ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. म्हणून दहा किलोमीटरवर वीज पडली, तर यंत्रातील खरखर तत्क्षणी ऐकू येते आणि मेघगर्जना सुमारे अर्ध्या मिनिटाने. उलट रात्र ही दूरच्या केंद्रांना अनुकूल असते. दिवसा वातावरणातील एक विद्युद्भारित थर मध्यम लहरी शोषून घेतो; सूर्यास्तानंतर तो विरतो व त्यावरचे थर त्या लहरी पुन्हा भूमीकडे परतवितात. त्यामुळे दिवसा न लागणारे केंद्र रात्री स्पष्ट लागते.

आता खरा प्रश्न असा की, आपला राग अनेकांनी मिळून वाजवावा कसा? बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राचा बँड आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्यात एक वाद्य चाल वाजविते, तर मोठी कर्णे त्याच वेळी निराळे पूरक स्वर धरतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा हाच पाया आहे. आपला राग मात्र एका वेळी एकाच स्वररेषेवर चालतो आणि कलावंत ती ऐन वेळी स्वतः फुलवितो. सर्वांनी लिहिलेलेच वाजविले तर ही स्फूर्ती कोठे राहिली, असा आक्षेप रसिकांनी घेतला, आणि तो पोकळ नव्हता. त्यावर तोड अशी की, ठरलेला भाग सर्वांनी मिळून वाजवावा. मध्येच बासरीने किंवा सतारीने एकटे पुढे यावे. मग सर्वांनी तिला उत्तर द्यावे. चाल एकच राहते, तिचा रंग मात्र वाद्यागणिक पालटतो.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हा रागाचा प्राण. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांवर ती निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीला दार बंद ठेवले होते. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकाने शिष्य घडविले, त्या गावास हा निर्णय किती बोचला असेल!

विद्यार्थ्यांनी वाद्यवृंद ऐकताना क्रम असा ठेवावा. प्रथम षड्ज मनात धरावा. मग एकच वाद्य निवडून त्याचा माग शेवटपर्यंत सोडू नये. तिसऱ्या खेपेस तबल्याची सम हाताने मोजावी. ते साधले म्हणजे कोणते वाद्य कोणास उत्तर देते, हे आपोआप उलगडू लागेल.

आज खरखर उरली नाही. हवे ते संगीत भ्रमणध्वनीवर हव्या त्या घटकेस मिळते. पण जे केव्हाही मिळते, ते नंतर ऐकू म्हणून राहूनही जाते. शनिवारची ती ठरलेली वेळ घरातील सर्वांस एकत्र बसवी आणि तासभर गप्प राहावयास शिकवी. वृंदातील प्रत्येक वादक आपली पाळी येईतो दुसऱ्याचे ऐकत असतो. किंबहुना ऐकता येते म्हणूनच त्याला वाजविता येते. येत्या सुटीत एखाद्या शनिवारी घरातील वडीलधाऱ्यांसह दिवा मंद करून एक तरी वाद्यवृंद अथपासून इतिपर्यंत ऐकावा, एवढेच आमचे सांगणे आहे.