एसी चालतो, पण खोली गार होत नाही

शेतकऱ्याच्या घरी एसी म्हटले की पूर्वी लोक हसत. आता तसे राहिलेले नाही. मुलगा आखातात असतो किंवा मुलगी पुण्याला नोकरी करते, घरी पैसे येतात आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीत एक टनाचा एसी बसतो. अथणी-गोकाककडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या घरात जातो. हैदराबाद आणि बडोद्याकडील आपल्या मंडळींकडे तो त्याहूनही चढतो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशा दिवसांत गार खोली मिळणे ही चैन नव्हे. म्हणूनच ऐन उन्हाळ्यात एसी नुसताच वारा फेकू लागला की घरात धावपळ होते, मेकॅनिकला बोलावणे जाते, आणि तो यंत्र न उघडताच सांगतो : "गॅस संपला."

वाचकहो, या दोन शब्दांविषयीच आम्हांला आज लिहायचे आहे. एसीतला गॅस ट्रॅक्टरमधल्या डिझेलसारखा जळून संपत नाही. जुन्या माणसांनी मोट आठवावी. मोट विहिरीत उतरते, पाणी घेऊन वर येते, थारोळ्यात ओतते आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जाते. एसीतला गॅस ही मोट आणि खोलीतली उष्णता हे पाणी. आतल्या युनिटात तो उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटात ती टाकून देतो. कॉम्प्रेसर हा त्याचा बैल. तांब्याच्या बंद नळ्यांतून हाच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर मोट कुठेतरी फाटली आहे, म्हणजे नळीला गळती आहे असे समजावे. फाटलेली मोट न शिवता पुन्हा विहिरीत सोडणाऱ्याला आपण काय म्हणू? तरीही दर उन्हाळ्याला गॅस भरून घेणारी आणि दर वेळी काही हजार रुपये मोजणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत.

मेकॅनिकला निरोप धाडण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी. भिंतीवरचा किंवा अंडी उबवण्याच्या पेटीतला थर्मामीटर चालेल. तापाचा चालणार नाही. रिमोटवर बर्फाच्या चांदणीची खूण आहे ना, हे आधी पाहावे. नातवंडांच्या हातून 'फॅन' किंवा 'ड्राय'चे बटन दाबले गेलेले असते आणि त्यावरून घरभर गोंधळ होतो. आकडा १८ वर आणि पंखा जोरात ठेवून एसी वीस मिनिटे चालू द्यावा. मग युनिटच्या वरच्या बाजूने आत जाणारी हवा मोजावी आणि खाली तोंडातून बाहेर पडणारी मोजावी. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपले काम करीत आहे. गोव्याच्या दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो, कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते.

फरक नीट आहे आणि खोली मात्र तापलेलीच, असे असेल तर दोष खोलीत आहे. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांत हे हमखास घडते. वर माळा नाही, कौलांच्या फटींतून गार हवा निघून जाते आणि एसी बिचारा साऱ्या गावाला गार करीत बसतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या गच्चीखाली दुपारी छतच चुलीसारखे तापते. अशा ठिकाणी दोन टनांचा एसी आणण्याआधी खाली पट्ट्यांचे छत मारून घ्यावे, गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताट्या बांधाव्यात. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली अधिक उपयोगी पडते, कारण पडद्याशी पोचलेले ऊन खोलीत शिरलेलेच असते.

फरक कमी भरला तर प्रथम हवेची वाट तपासावी. आमचे मत विचाराल तर शेतातल्या घरी निम्मी कामे इथेच संपतात. मळणीचे दिवस, भाताचे तूस, गव्हाचा भुसा, रस्त्याची धूळ हे सगळे आतल्या युनिटच्या जाळीवर बसते. शहरातल्या माणसाने महिन्याने जाळी धुतली तर चालते. सुगीच्या दिवसांत आपण ती आठवड्याने धुवावी. आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा, नुसता रिमोट नव्हे. पुढचे झाकण उचलले की दोन्ही जाळ्या सरकून हातात येतात. त्या साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवाव्यात. जाळी तुंबली की कॉइलवर पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो, आणि गंमत अशी की आत बर्फ असूनही खोली गरम राहते. तसा बर्फ दिसल्यास सुरीने खरवडू नये. नळी फुटली तर गॅस खरोखरच जाईल. एसी नुसत्या पंख्यावर ठेवून तो वितळू द्यावा. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरत असेल, तर मात्र मेकॅनिक हवा.

आता घराबाहेर या. बाहेरच्या युनिटच्या मागे कडब्याची गंजी, पुढे वाळत घातलेली पोती आणि वर कोंबड्यांचे खुराडे असा थाट आम्ही पाहिला आहे. ज्याने उष्णता बाहेर टाकायची त्याचाच श्वास कोंडला, तर तो काय करील? त्याच्या समोर दोन-तीन हात मोकळी जागा हवी, मागेही वीतभर हवी. वर सावली असावी, पण चारी बाजूंनी आडोसा नको. मागच्या पातळ पत्र्यांत भुसा अडकला असेल तर वीज बंद करून मऊ ब्रशने झाडावा आणि नळीच्या मंद धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्या पत्र्या वाकतात. पिकावर औषध मारण्याचा पंप या कामाला मुळीच वापरू नये. त्यात उरलेले विष घरच्या भिंतीवर आणि अंगावर उडते.

गोठ्याच्या भिंतीला हे युनिट बसवणारेही आहेत. तिथे निदान उंदीर तरी नसतील असे कुणी म्हणेल, पण उंदीर असतातच आणि तारा कुरतडतात. त्याहून वाईट म्हणजे गुरांच्या मुतापासून निघणारा अमोनिया तांब्याला खातो. समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्याने असेच होते. दर एक-दोन वर्षांनी गळती होत असेल तर युनिट कुठे टांगले आहे, तेही बघावे.

विजेकडे पाहायला लोक विसरतात. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की गावात दिवे मंद होतात. त्याच वेळी कॉम्प्रेसर 'घूं' करतो आणि बंद पडतो. दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा. तो फार उतरत असेल तर योग्य ताकदीचा स्टॅबिलायझर बसवावा. वीज जाऊन परत आली तर तीन मिनिटे थांबून मगच एसी लावावा. प्लग गरम होत असेल, काळा पडला असेल, किंवा एसीचा वेगळा स्विच नसून तो दिव्याच्या तारेवरच जोडलेला असेल, तर थंडाव्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा. घर पेटायला तेवढे पुरे होते. बाहेरचा पंखा फिरत नाही आणि नुसती गुणगुण ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. ही वस्तू स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही तिच्यात भार साठून राहतो आणि जबर धक्का बसतो. घरातल्या हुशार मुलाने तिला हात लावू नये.

एवढे सगळे ठीक असूनही गारवा नसेल, तेव्हाच गॅसचा संशय घ्यावा. नळीच्या जोडाशी तेलकट डाग दिसत असेल तर तो संशय पक्का होतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे झिरपते. मेकॅनिकला स्पष्ट सांगावे : गळती शोधा, ती बंद करा, नळ्या निर्वात करा आणि मग गॅस भरा. गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरावा लागतो. कोणता गॅस आणि किती, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. तिथे आर-३२ किंवा आर-२९० असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. काम चालू असताना जवळ विडी, चूल, उदबत्ती काही नको, आणि एका गॅसच्या जागी दुसरा भरू देऊ नये. गळतीच्या तपासणीसाठी नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजनचे नळकांडे जोडू पाहणाऱ्याला तिथेच थांबवावे. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो.

दुरुस्तीला दोन दिवस लागले तर आजाऱ्याचे काय? त्याला घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेकडच्या खोलीत हलवावे. खिडक्या दिवसा बंद आणि रात्री उघड्या ठेवाव्यात. पारा ४० च्या वर असला की कोरड्या अंगावर पंख्याचा वारा उलट तापवतो, म्हणून अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे आणि मग पंखा लावावा. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून द्यायला सांगितले असेल, तर किती द्यावे ते डॉक्टरांना विचारावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, तेव्हा ती देण्यात वेळ घालवू नये.