भूकंप नेमका कुठे झाला?

सातारा-कराडकडच्या मुलांना हा अनुभव नवा नाही. रात्री कॉट हलते, खिडकीची तावदानं खडखडतात आणि मिनिटभरात सगळा होस्टेल कॉरिडॉरमध्ये. "कोयनेलाच झाला असणार!" दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, केंद्रबिंदू धरणापासून इतक्या किलोमीटरवर, खोली इतकी. जमिनीच्या पोटात तर कोणी उतरलेलं नसतं. मग हे मोजलं कसं?

समजा, चिपळूणहून एक जीप आणि एक एस.टी. एकाच वेळी कराडला निघाल्या. जीप आधी पोचली, एस.टी. मागाहून. दोघींचा वेग माहीत असेल, तर दोन गाड्यांमधल्या वेळेवरून अंतर काढता येतं. भूकंपातही अशाच दोन लहरी निघतात. 'पी' लहर ही जीप, 'एस' लहर ही एस.टी. ग्रॅनाइटसारख्या खडकात पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, तर एस सुमारे साडेतीन. त्यामुळे दोघींमधले सेकंद मोजून ८ ने गुणले, की अंतर मिळालं! अशी निदान तीन केंद्रांवरची अंतरं घेऊन वर्तुळं काढली, की ती जिथे एकत्र येतात तिथे भूकंप.

प्रत्यक्षात हे काम कॉम्प्युटर करतो. आधी एक जागा, खोली आणि वेळ अंदाजाने धरायची, प्रत्येक केंद्रावर लहर कधी पोचायला हवी ते काढायचं, खऱ्या वेळेशी ताडून बघायचं आणि जागा थोडी सरकवायची. फरक कमीत कमी होईपर्यंत हेच चालू. गायगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास मांडलेली ही रीत म्हणजे आपण मॅथ्सच्या पेपरासाठी घोकलेली 'लीस्ट स्क्वेअर'च!

पण खरी गोम वेगात आहे. मध्ये कुंभार्ली घाट आहे हे विसरून सपाट रस्त्याचा वेग धरला, तर गणित चुकणारच. जमिनीखालीही असे घाट असतात. कोयना भागात वर साधारण एक किलोमीटर किंवा थोडा जास्त जाडीचा बेसाल्ट आहे, त्याखाली थेट ग्रॅनाइट. बेसाल्टमध्येही कुठे घट्ट थर, कुठे सच्छिद्र, मध्येच लाल मातीचा पट्टा. प्रत्येकात लहरींचा वेग निराळा. कोणत्या खोलीवर किती वेग, याचा तक्ता म्हणजेच 'वेग-प्रतिमान', अर्थात व्हेलॉसिटी मॉडेल.

चुकीची किंमत बघा. दोन लहरींत ३ सेकंदांचं अंतर आहे. पी लहरीचा वेग ६ धरला तर भूकंप साडेचोवीस किलोमीटरवर, साडेपाच धरला तर साडेबावीस. दोन किलोमीटरचा फरक! खोलीचं तर आणखी अवघड. सगळी केंद्रं लांब असतील, तर भूकंप जरा खोल धरला काय आणि जरा आधी झाला असं धरलं काय, उत्तर जवळपास सारखंच येतं. म्हणून एखादं केंद्र अगदी डोक्यावर हवं.

हा तक्ता बनवायचा कसा? एक मार्ग म्हणजे स्फोट, कारण त्याची जागा आणि वेळ आपल्याच हातात. १९७० च्या दशकात कोयना परिसरात असे स्फोट करून खोलवरचे थर तपासले गेले. दुसरा मार्ग, शेकडो छोट्या भूकंपांच्या जागा आणि थरांचे वेग एकदमच सोडवायचे. अंडं आधी की कोंबडी हा घोळ दोन्ही एकत्र उकडून मिटवायचा! पुढे तर कोयनेत खोल विहिरी खणून थेट ग्रॅनाइटमध्येच भूकंपमापक बसवले गेले. वरच्या बेसाल्टची भानगडच नको.

एवढा खटाटोप कशासाठी? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयात पाणी साठवायला लागल्यापासून इथे धक्के जाणवत होते, ते आजही थांबलेले नाहीत. हे धक्के मुख्यतः २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात होतात. एवढ्याशा जागेत दोन किलोमीटरची चूक म्हणजे नकाशावर नुसता ठिपक्यांचा शिंतोडा. चूक कमी झाली की तेच ठिपके रांगेत उभे राहतात आणि जमिनीतला प्रस्तरभंग दिसू लागतो. पुढचा भूकंप कधी, हे त्यातून कळत नाही. पण कोणती भेग जागी आहे, हे कळतं. धरण आणि घरं बांधणाऱ्याला तेवढं तरी कळायलाच हवं.

तेव्हा पुढच्या वेळी कॉट हलली, तर पहिला हलका धक्का आणि नंतरचा जोराचा हादरा यांतले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा. फक्त मोजणी टेबलाखाली बसून करा!