बोल्टाभोवतीची फट

सबफ्रेमच्या बोल्टांभोवती अ‍ॅल्युमिनिअमच्या छोट्या कॉलर बसवल्या की गाडी वळणावर अधिक नेमकी चालते, असं अनेक हौशी चालक सांगतात. या दाव्यात तथ्य किती? ते तपासायचं तर कॉलर बसवताना गाडीत आणखी काय काय बदलतं, हे आधी वेगळं काढायला हवं.

गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली, की इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्र्याची एक चौकट दिसते. ती सबफ्रेम. काही गॅरेजांत तिला क्रॉसमेंबरही म्हणतात. चाकांना धरून ठेवणारे लोअर आर्म, स्टीअरिंग रॅक, अँटिरोल बार आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाचं एखादं माउंटिंग, एवढा संसार तिच्यावर असतो. ती स्वतः चार-सहा बोल्टांनी बॉडीला आवळलेली असते. वळणावर टायर रस्त्याला धरून जो आडवा जोर निर्माण करतो, तो बॉडीपर्यंत जातो तो मुख्यतः या बोल्टांच्या जोडांतून. म्हणून या जोडांकडे बारकाईने पाहणं रास्त आहे.

गाडीची बॉडी हाच सांगाडा, ही कल्पना जुनी आहे. १९२२ च्या लॅन्चिया लॅम्ब्डामध्ये ती दिसली. पण पातळ पत्र्याच्या अशा बॉडीवर सस्पेन्शनचे धक्के थेट दिले, तर ठरावीक जागी पत्रा थकतो. म्हणून धक्के आधी एका मजबूत चौकटीवर घ्यायचे आणि तिथून बॉडीत वाटून द्यायचे, हा मार्ग निघाला. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी पुढे एक आणि मागे एक अशा दोन सबफ्रेम वापरल्या. कारखान्याचीही यात सोय झाली. इंजिन, गिअरबॉक्स, आर्म, रॅक हे सगळं खाली चौकटीवर आधीच जोडून ठेवायचं, वरून बॉडी आणायची आणि दोन्हींची गाठ घालायची. वाहन उद्योगात या टप्प्याला ‘मॅरेज’च म्हणतात.

फट मुद्दाम ठेवलेली असते

ही गाठ झटपट पडायची, तर सबफ्रेमची भोकं बोल्टापेक्षा मोठी हवीत. पत्र्याच्या दोन मोठ्या भागांवरची भोकं शंभर टक्के समोरासमोर येत नाहीत. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टासाठी आयएसओच्या मानकात मध्यम प्रतीचं भोक १३.५ मिलिमीटरचं दिलेलं आहे. बोल्ट मधोमध असला, तर त्याच्या सगळ्या बाजूंनी पाऊण मिलिमीटर फट राहते. तो कडेला टेकला, तर सबफ्रेम तेवढी सरकलेली असते. कारखान्यात ती नेमक्या जागी बसवण्यासाठी पिना आणि साचे असतात. क्लचचं काम किंवा अपघातानंतरची दुरुस्ती करताना गॅरेजमध्ये ती खाली उतरवली, की पुन्हा कुठे बसेल हे मेकॅनिकच्या काळजीवर ठरतं.

पाऊण मिलिमीटरने काय बिघडतं, याचा हिशेब सोपा आहे. मॅकफर्सन पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण ६० सेंटिमीटर धरू. खालचं टोक पाऊण मिलिमीटर सरकलं, तर चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, सुमारे चार मिनिटांनी बदलतो. एका अंशाची साठ मिनिटं असतात. एका बाजूचं चाक चार मिनिटं आत कलतं आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच बाहेर. डाव्या-उजव्यात मिळून आठ मिनिटांचा फरक पडतो. कंपन्या यात देतात ती मुभा सहसा याहून मोठी असते, म्हणजे एवढ्यावर गाडी लगेच एका बाजूला ओढू लागेल असं नाही.

मागच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आणि सबफ्रेम असेल, तर गोष्ट थोडी वेगळी होते. तिथे चौकट नुसती सरकत नाही, तिरकीही होऊ शकते. पुढच्या आणि मागच्या बोल्टांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि दोन्हीकडची फट उलट दिशांनी वापरली गेली, तर मागची दोन्ही चाकं मिळून सुमारे सात मिनिटं एका बाजूला रोखतात. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो सावरण्यासाठी सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग किंचित वळवून धरावं लागतं. संवेदनशील हाताला हे जाणवू शकतं.

जोड घर्षणावर उभा असतो

इथपर्यंत चौकट कुठे बसली आहे, एवढाच प्रश्न होता. कॉलरच्या जाहिरातींमधला दावा त्याच्या पुढे जातो. चालत्या गाडीत सबफ्रेम बॉडीवर सरकत राहते आणि कॉलर ती हालचाल थांबवते, असं त्यात म्हटलेलं असतं. हा दावा आकड्यांवर घासून पाहू.

सबफ्रेमचा जोड बोल्टाच्या दांड्यावर अडलेला नसतो. आवळलेला बोल्ट ताणला जातो, त्या ताणाने दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातलं घर्षण चौकट जागेवर धरतं. १०.९ प्रतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर त्यात साधारण ५० हजार न्यूटनचा ताण येतो. म्हणजे पाच टनांचं ओझं. घर्षणाचा गुणांक ०.१२ ते ०.१५ धरला, तर एकेक जोड सहा ते साडेसात हजार न्यूटनपर्यंत सरकत नाही. चार बोल्टांचे झाले २४ ते ३० हजार.

आता दुसरी बाजू. चालकासकट १२०० किलोची गाडी टायरच्या पकडीच्या हद्दीजवळ, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे ०.७ पट आडव्या त्वरणाने, वळते आहे. वजनाचा ६० टक्के भाग पुढे असेल, तर पुढच्या दोन टायरांचा मिळून आडवा जोर सुमारे पाच हजार न्यूटन भरतो. आर्मच्या रचनेमुळे सबफ्रेमवर तो थोडा जास्त येईल. तरीही हाताशी चारपट पकड उरते. सगळे बोल्ट नीट आवळलेले असतील, तर गुळगुळीत रस्त्यावरच्या वळणात अख्खी सबफ्रेम घसरण्याचं कारण नाही.

पण रस्ते नेहमी गुळगुळीत नसतात. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं, की चाकावरच्या नेहमीच्या भाराच्या कित्येक पट जोर क्षणभर आर्ममधून चौकटीत शिरतो. भार सगळ्या बोल्टांवर सारखा वाटला जात नाही, त्यामुळे एखादा जोड आधी सुटू शकतो. पृष्ठभागांमधला रंगाचा थर दबून बोल्टाचा ताण कमी होतो. आधीच्या कामात बोल्ट अंदाजाने आवळलेला असेल, तर ५० हजार न्यूटनचं गणित कोलमडतं. पाचव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फच्या पुढच्या सबफ्रेममधून येणारा ‘टक्’ असा आवाज त्या गाडीच्या चाहत्यांना चांगला माहीत आहे, आणि त्यावर उपाय म्हणून कॉलरचे संच विकले जातात. म्हणजे चौकट सरकते, हा दावा काही गाड्यांबाबत आणि काही परिस्थितींत खरा आहे. सरसकट सगळ्या गाड्यांना तो लावता येत नाही.

कॉलरचं काम

होंडाच्या गाड्यांवर काम करणाऱ्या जपानच्या स्पून स्पोर्ट्स या कंपनीने ‘रिजिड कॉलर’ या नावाने ही वस्तू जगभर पोहोचवली. आता ती इतर अनेक कंपन्यांच्या गाड्यांसाठीही मिळते. निमुळत्या गळ्याची, कडेला पातळ चकती असलेली ही अ‍ॅल्युमिनिअमची कडी सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये, बोल्टाभोवती बसते. बोल्ट आवळताना तिचा निमुळता गळा भोकात शिरतो आणि बोल्टाला मध्यावर आणतो. अ‍ॅल्युमिनिअम पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते दबून फट भरतं. आता चौकटीला सरकायला जागाच उरत नाही.

या रचनेत काही जबाबदाऱ्याही येतात. कडेच्या चकतीमुळे सबफ्रेम बॉडीपासून किंचित खाली राहू शकते. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनिअम आणि पोलाद एकमेकांना लागून राहिले, की अ‍ॅल्युमिनिअम लवकर गंजतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे नक्की लक्षात ठेवावं. त्यासाठी कॉलरला ग्रीस लावतात. मात्र ते बोल्टाच्या आट्यांवर गेलं, तर त्याच टॉर्कला बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. काही गाड्यांचे सबफ्रेमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल, तर नवेच घालावे लागतात.

एका कामात चार बदल

कॉलर बसवलेल्या गाडीचा मालक गॅरेजमधून बाहेर पडतो आणि पहिल्याच वळणावर त्याला फरक जाणवतो. तो खोटं बोलत नसतो. पण त्या दुपारी गाडीत एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. कॉलर आल्या. सबफ्रेम मध्यावर आली. कदाचित कित्येक वर्षांनी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने नीट आवळले गेले. आणि सबफ्रेम सैल केल्यामुळे शेवटी अलाइनमेंटही करावं लागलं. पाचवी गोष्ट गाडीत नसते, चालकाच्या मनात असते: पैसे खर्च केल्यावरची अपेक्षा. नुसत्या अलाइनमेंटनेही स्टीअरिंगची जाण बदलते. टायरमधली हवा दोन पीएसआयने कमी-जास्त झाली, तरी सरावलेल्या हाताला ते कळतं. मग श्रेय नेमकं कोणाचं?

याचं उत्तर मिळवण्याचा रस्ता आहे, आणि तो फार अवघडही नाही. गाडी तीन अवस्थांमध्ये तपासायची. पहिली, आहे तशी. फक्त अलाइनमेंटचा छापील कागद घेऊन. दुसरी, कॉलरशिवाय: सबफ्रेम सैल करून मध्यावर आणायची, बोल्ट ठरल्या टॉर्कला आवळायचे, अलाइनमेंट करायचं. तिसरी, कॉलर घालून: बोल्टांचा टॉर्क तोच आणि अलाइनमेंटचे आकडेही दुसऱ्या अवस्थेतलेच. शेवटी कॉलर काढून दुसऱ्या अवस्थेकडे परतायचं. कॉलरचा फरक म्हणजे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतला फरक. बहुतेक लोक पहिल्या आणि तिसऱ्याची तुलना करतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दर वेळी टायर तेच, थंड टायरमधली हवा तेवढीच, इंधन आणि माणसं तितकीच ठेवायची. गाडी कोणत्या अवस्थेत आहे, हे फक्त मेकॅनिकला माहीत असावं. चालकाने न विचारता चालवावं आणि आपली निरीक्षणं लगेच लिहून काढावीत. दोन चालक असतील तर आणखी चांगलं; त्यांनी कागद भरेपर्यंत एकमेकांशी बोलू नये.

सबफ्रेम खरंच सरकते का, हे तर याहून स्वस्तात कळतं. बोल्टाचं डोकं, सबफ्रेम आणि बॉडी यांच्यावरून पेंट मार्करने एक सलग रेघ ओढायची आणि काही महिने नेहमीसारखी गाडी चालवायची. पुढच्या सर्व्हिसिंगला रेघ तुटलेली दिसली, तर चौकट किंवा बोल्ट हलला आहे. ती जशीच्या तशी असेल, तर निदान तेवढ्या काळात चौकट जागेवरून ढळलेली नाही.

यंत्रांच्या मदतीने याच्या पुढे जाता येतं. त्यासाठी मानकं तयार आहेत. सरळ चालताना स्टीअरिंगची जाण मोजायला आयएसओ १३६७४, ठरावीक वर्तुळात स्थिर वेगाने वळताना गाडीचा कल पाहायला आयएसओ ४१३८, आणि स्टीअरिंग अचानक फिरवल्यावर गाडी किती लवकर उत्तर देते ते मोजायला आयएसओ ७४०१. यांतल्या पहिल्या मानकातल्या चाचणीत गाडी ताशी १०० किलोमीटरने, दर पाच सेकंदांना एक अशी सौम्य नागमोडी चालवतात आणि स्टीअरिंगचा कोन, त्यावरचा जोर, गाडीचं आडवं त्वरण एकत्र नोंदवतात. कॉलरचा दावा स्टीअरिंगच्या नेमकेपणाचा असतो, त्यामुळे ही चाचणी त्याला जुळते. अशा कामासाठी बंदिस्त मार्ग हवा. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा मार्ग आहे, आणि वाहन संशोधनात मुरलेली एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. घाटातल्या सार्वजनिक रस्त्यावर मर्यादेपर्यंत गाडी रेटणं म्हणजे चाचणी नव्हे. त्यातून धोका हाती येतो, माहिती नाही.

कोणी बसवाव्यात?

स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनरसारख्या शिडीच्या चॅसीवर उभ्या गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. तिथे पुढचे आर्म थेट चॅसीवर असतात. ज्या गाड्यांत सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये जाड रबरी बुश असतात, तिथे ही कॉलर वेगळ्या प्रकारची असते: ती रबराची हालचाल दाबते, आणि त्याची किंमत केबिनमधल्या आवाजाने आणि थरथरीने मोजावी लागते. ट्रॅकवर धावणारी गाडी, सबफ्रेम सरकण्याची ख्याती असलेलं मॉडेल, किंवा ज्या गाडीची सबफ्रेम दुरुस्तीसाठी खाली उतरवावीच लागणार आहे, अशा ठिकाणी कॉलरचा विचार जरूर करावा. शेवटच्या बाबतीत मजुरी तशीही द्यायचीच असते. कामानंतर अलाइनमेंट आणि जिथे लागतं तिथे स्टीअरिंग सेन्सरचं कॅलिब्रेशन सोडू नये. वॉरंटीतली गाडी असेल, तर कंपनीला आधी विचारावं.

बाकी बहुतेक गाड्यांसाठी क्रम वेगळा आहे. आधी टायर, मग अलाइनमेंट, मग आर्मचे बुश आणि शॉक अब्सॉर्बर, मग सबफ्रेमच्या बोल्टांचा टॉर्क. झिजलेल्या बुशमध्ये आर्म मिलिमीटरच्या हिशेबात हलतो. त्यापुढे भोकातली पाऊण मिलिमीटरची फट भरून काही साधत नाही.

कॉलरमागचा विचार बनावट नाही. जोड मध्यावर असावा आणि सरकू नये, हे यंत्रशास्त्राचं साधं, खरं तत्त्व आहे. म्हणूनच तिला खऱ्या चाचणीचा हक्क आहे. विक्रेत्याने गाडीचं नाव, बोल्टाचा टॉर्क, कॉलरशिवाय मध्यावर आणलेल्या सबफ्रेमची नोंद आणि दोन्ही अवस्थांचे अलाइनमेंटचे कागद ग्राहकासमोर ठेवावेत. ग्राहकानेही ते मागावेत. पुण्यासारख्या शहरात, जिथे घरटी एखादा माणूस वाहन उद्योगात असतो, ही मागणी करण्याइतकी समज लोकांकडे नक्कीच आहे. प्रत्येक ग्राहकाने दुसऱ्या अवस्थेचा आकडा विचारायला सुरुवात केली, तर चांगली वस्तू त्याने आणखी भक्कम होईल आणि पोकळ दावे आपोआप मागे पडतील.