कर्णा : थोड्या शक्तीत मोठा आवाज

औंढ्याच्या देवळाची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जावयास सांगितले, आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवून आम्ही त्यातली एक साधी गोष्ट घेतो. कीर्तनकार कोणत्या बाजूस उभा आहे, ह्यावर त्या काळी ऐकणे अवलंबून असे. आवाजाला तोंड असते, दिशा असते. दूरच्या माणसास हाक मारताना आपण दोन्ही तळहात ओठांभोवती धरतो, तो मनुष्याचा पहिला कर्णा होय.

आता प्रश्न असा की, हा कर्णा नेमके करतो काय? तो आवाज 'वाढवतो' असे आपण सहज म्हणतो. परंतु कर्ण्यात शक्ती उत्पन्न होत नाही. असलेली शक्ती वाया जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. ध्वनिक्षेपकाचा पडदा जड, आणि हवा अत्यंत हलकी. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर ठोसा मारावा, तशी त्या पडद्याची अवस्था असते. हात हलतो, पण जोर कशावरच बसत नाही. साध्या पेटीतला कागदी स्पीकर विजेच्या शंभर भागांपैकी जेमतेम एखाद-दुसऱ्या भागाचा आवाज करतो. बाकीची उष्णता होऊन जाते. पडद्यापुढे अरुंद गळा ठेवला म्हणजे तेथली हवा कोंडली जाऊन त्याला टेकण्यास काहीतरी मिळते. मग ती हवा हळूहळू मोकळी करावयाची. बैलगाडी डोंगरावर सरळ चढत नाही, घाटाच्या वळणांनी चढते, त्यातलाच हा प्रकार. चांगल्या कर्ण्याने शंभरातले वीस-तीस भागही आवाजात उतरतात.

हे शास्त्र प्रयोगांतून पुढे आले. १९०२ साली कलकत्त्यास हिंदी गायकांच्या तबकड्या प्रथम घेतल्या, तेव्हा गायक कर्ण्यातच तोंड घालून गात असत, आणि घरोघर त्या ऐकावयाच्या त्याही कर्ण्यातूनच. एकाच आकाराने आवाज गोळा करावा आणि त्यानेच पसरावा, ही त्याची मौज. १९१५ साली जेन्सन व प्रिडहॅम ह्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत विजेवर बोलणारा कर्णा जनसमुदायापुढे वाजवून दाखविला. १९१९ साली वेबस्टर ह्यांनी कर्ण्याचे गणित प्रसिद्ध केले, आणि १९२६ साली वेंटे व थुरास ह्यांनी बेल प्रयोगशाळेत त्यास योग्य असे युनिट बनविले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला, आणि बोलपटांची थिएटरे देशभर उभी राहिली. त्यांच्या पडद्यामागे मोठमोठे कर्णे असत. कारण त्या वेळच्या अँप्लिफायरची शक्ती थोडक्या वॅटांची. राजकीय सभांत गांधी-नेहरूंचा आवाज दूरवर नेला तो मोटवान्यांच्या 'शिकागो रेडिओ'च्या कर्ण्यांनी.

घरी कर्णा करावयाचा तर त्याच्या आकाराचा नियम समजला पाहिजे, आणि तो व्यापाऱ्यांना लगेच समजेल. कारण तो चक्रवाढ व्याजाचा नियम आहे. ठराविक अंतरागणिक आतली पोकळी दुप्पट झाली पाहिजे. समजा, सेकंदाला ३०० आवर्तनांपर्यंतचा स्वर हवा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर त्या स्वराच्या लाटेची लांबी १.१५ मीटर येते. मुखाचा परीघ तेवढा हवा, म्हणजे व्यास सुमारे ३७ सेंटिमीटर. गळा अडीच सेंटिमीटरचा घेतल्यास दर १२.७ सेंटिमीटरला व्यास दुप्पट करावयाचा : अडीचाचे पाच, पाचाचे दहा, दहाचे वीस. ह्या हिशेबाने सुमारे ४९ सेंटिमीटरवर आपण मुखाशी पोहोचतो. कागदाच्या लगद्याचे थर साच्यावर चढवून असा कर्णा उत्तम होतो. इंग्लंडात ई. एम. जी. ग्रामोफोनचे नामांकित कर्णे लगद्याचेच असत. आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा, आणि सांधा हवाबंद.

जुना कर्णा दुरुस्त करणाराने आधी पत्रा पाहावा. पोचे आतून बाहेर काढावेत, गंज घासून रंग द्यावा, आणि टिचकी मारल्यावर पत्रा घंटेसारखा वाजत असेल तर बाहेरून डांबरात भिजविलेले गोणपाट चिकटवावे. मग युनिट. १६ ओहमचे युनिट मीटरवर त्याहून थोडा कमी रोध दाखविते. काहीच दाखवीत नसेल तर कॉइल तुटली असे समजावे. आवाज खरखरत असेल तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे, किंवा तेथे लोखंडाचा कीस साचला आहे. चुंबकाचे भाग मात्र सुटे करू नयेत. जुन्या अल्निको चुंबकाचा जोर त्याने उतरतो. सभेच्या भोंग्यात १०० व्होल्टचा लाईन ट्रान्सफॉर्मर असल्यास घरच्या अँप्लिफायरसाठी तो बाजूस काढावा. युनिटाच्या ओळीत २० मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर घातला म्हणजे ५०० आवर्तनांखालचे धक्के कमी होतात आणि नाजूक पडदा वाचतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला हात लावताना मात्र सावध असावे. त्यात शेकडो व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

असा कर्णा गळा, सनई, हार्मोनियम सुरेख ऐकवितो. मृदंगाचा घुमारा त्याच्या आवाक्यातला नव्हे. १०० आवर्तनांसाठी मुखच सुमारे १.१ मीटरच्या घरात जाते. म्हणून खालच्या स्वरांस वेगळी पेटी जोडावी.

आज भोंगा म्हटला की लोक कान झाकतात. त्यात कर्ण्याचा दोष थोडा, चालविणाराचा फार. जे यंत्र दोन वॅटांत अंगण भरून टाकते, त्याला दोनशे वॅट दिले तर ते किंचाळणारच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कर्ण्याचा मूळ हेतू पाहिला तर हा नियम त्याच्या विरुद्ध मुळीच नाही. शक्ती थोडी होती म्हणून तो जन्मास आला. काटकसर हाच त्याचा धर्म आहे. एकपडदा थिएटरे बंद पडून त्यांचे कर्णे भंगारात किलोवर जात आहेत, आणि जपानात तशाच कर्ण्यांचे शौकीन त्यांस जिवापाड जपतात. आपल्या माळ्यावर एखादा पडला असेल, तर तो विकण्यापूर्वी एकदा खाली उतरवावा, पुसावा, आणि एखादी जुनी तबकडी त्यावर हलक्या आवाजात ऐकावी, एवढीच आमची श्रोत्यांस विनंती आहे.